अण्णांच्या बंडीतली काडी

इटलीहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग मॅडम, कशी काय इटली?" मी म्हणते, "छान." शाळेतल्या बायकांना फोटोही दाखवले. पांढरी दगडी घरं, निळाशार समुद्र, गल्लीत बसून पास्ता वळणाऱ्या म्हाताऱ्या. पण खरं सांगायचं तर सात दिवसांतली निम्मी इटली मी पाहिलीच नाही. माझे डोळे सगळा वेळ सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, बंडीच्या आतल्या खिशावर होते. 

कृषी खात्याच्या माणसांना जे सांगायला हवं होतं ते सांगून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. फक्त माझं नाव घालू नको." मग बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "घातलं तरी चालंल." मी घातलेलं नाही.

मी दिंडोरीजवळच्या एका गावात शाळेत शिकवते. घरी द्राक्षबाग आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऑक्टोबरची छाटणी तोंडावर येण्याआधी, आमच्या भागातल्या चौदा बागाईतदारांनी इटलीचा दौरा ठरवला. तिकडे तेव्हा द्राक्षांचा हंगाम असतो. अण्णांबरोबर माझा नवरा जाणार होता, पण त्याचं पासपोर्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव काही केल्या जुळेना. माझा पासपोर्ट कोरा करकरीत कपाटात पडून होता. "तुला इंग्रजी येतं, तूच जा," असं घरात ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी स्वभावाने भित्री. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधी तीन माणसं पुढे जाऊ देणारी. सासऱ्यांबरोबर एकटीने परदेशी जायचं म्हटल्यावर आठ दिवस आधीच माझी झोप उडाली होती.

अण्णा पंचक्रोशीत ओळखले जातात ते कलमांसाठी. ज्यांना द्राक्षाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाचं बी कुणी लावत नाही. आवडलेल्या वेलीची काडी कापून आणायची, तिचा डोळ्यासकट, म्हणजे जिथून कोंब येतो त्या गाठीसकट, तुकडा जंगली वेलीच्या खुंटात पाचरीसारखा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटतो. म्हणून आमच्याकडे कुणाच्या बागेत नवी जात दिसली की काडी मागतात, आणि मागितली की देतात. काडीला नाही म्हणायची रीतच नाही. नाही म्हणणाऱ्याच्या दारात नंतर लोक चहाला थांबत नाहीत. आमच्या गावात अर्ध्या बागा अण्णांनी कुठून कुठून आणलेल्या काड्यांवर उभ्या आहेत.

मुंबईच्या विमानतळावरच अण्णांच्या पिशवीतून त्यांचा कलमाचा चाकू निघाला. लाकडी मुठीचा, झिजून बोटाएवढा झालेला. तपासणीच्या बाईने तो ट्रेमध्ये टाकला. अण्णांनी तिला दोनदा सांगितलं, "बाई, माणसं मारायचा नाय तो, झाडं जोडायचा हाय." ती हसली, पण चाकू गेला. मला तेव्हा अण्णांची दया आली. परदेशात फिरायला जाताना यांना कलमाचा चाकू कशाला हवा होता, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

बारी

इटलीच्या बुटाची टाच जिथे सुरू होते, तिथे बारी नावाचं बंदर आहे. आमचा मुक्काम तिथेच होता. जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातल्या बाईला हात लांबवून मीठ देता येईल. दारात पाट मांडून म्हाताऱ्या बायका कणकेच्या वळकटीचे तुकडे करतात आणि सुरीने ओढून, अंगठ्याने उलटे करतात. झाला कानाच्या आकाराचा पास्ता. तो जाळीवर वाळत घालतात. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया असतात तसंच दृश्य. एक आजी माझ्याकडे बघून हसली आणि तिने पाटावर जागा करून दिली. मी दोन कान वळले. दुसरा तिला पसंत पडला नाही. तिने तो न बोलता परत गोळ्यात मिसळला. माझ्या सासूबाईही असंच करतात.

जेवायला सोललेल्या वालासारख्या कडधान्याचं घट्ट वरण आणि बाजूला उकडलेली कडू पालेभाजी. वरून तेलाची धार. अण्णांनी पहिला घास घेतला आणि टेबलावर हात मारून म्हणाले, "अरे, हे तर पिठलं हाय! एवढं लांब येऊन पिठलंच!" सगळे हसले. त्या दिवशी मी शेवटची मनापासून हसले.

मांडवाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही द्राक्षबागेत गेलो. आमच्या वाटाड्या बाईंचं नाव दोनातेल्ला. शेतीशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीच्या, उन्हाने तांबूस झालेल्या. त्या इंग्रजीत सांगायच्या आणि मी मराठीत. तिकडे मांडव आपल्यापेक्षा उंच. वर जाळी, जाळीवर प्लॅस्टिक, आत हिरवा थंड उजेड. घड एकसारखे लटकलेले. मणी लांबट, लाल, आणि चावला की काकडीसारखा कुरकुरीत. आमच्यातले सगळे गप्प झाले. बागाईतदार गप्प झाला म्हणजे त्याला वस्तू आवडली.

वेलीच्या ओळीच्या तोंडाशी पिवळी पाटी होती. दोनातेल्लांनी तिच्यावर बोट ठेवून सांगितलं, "फोटो काढा, द्राक्षं खा, पण पानसुद्धा तोडू नका. ही जात राखीव आहे. आणि कागदपत्रांशिवाय झाडाचा कुठलाही भाग देशाबाहेर न्यायचा नाही. पकडलं तर गुन्हा आहे." मी शब्दाला शब्द सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "म्हणजे मागितली तरी द्यायची नाय?"

"नाही अण्णा."

"मग कसली शेती ही!"

पुन्हा हशा झाला. आम्ही पुढच्या ओळीकडे वळलो. थोड्या वेळाने मोजणी केली तर तेराच जण. अण्णा नव्हते.  एवढ्या मोठ्या मांडवात म्हातारा माणूस कुठे चक्कर येऊन पडला तर कुणाला सांगायचं, कुठल्या भाषेत? मी धावत मागे गेले. अण्णा शांतपणे समोरून चालत येत होते. डावा हात बंडीच्या आत, छातीशी.

"छातीत दुखतंय का?" मी विचारलं.

"नाय गं. मोकळं होऊन आलो."

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. तो हात तसाच होता. हिरव्या फांदीचा ओला वास मला येत होता. द्राक्षवाल्याच्या घरात वीस वर्षं काढल्यावर तो वास ओळखायला शिकावं लागत नाही. मी अगदी हळू विचारलं, "अण्णा, काही घेतलंत का तिथून?"

"नाही." आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

लाल दोरी

संध्याकाळी मी खोलीत केस विंचरत होते तर दारावर धाडधाड. हॉटेलातली मुलगी घाबरलेली. "तुमचे वडील! तुमचे वडील!" एवढंच म्हणत होती. मी अनवाणी धावले.

तिकडे न्हाणीघरात छतापासून एक लाल दोरी लोंबते. आजारी माणसाने मदतीला बोलवायची ती दोरी. अण्णांनी तिला कपडे वाळत घालायची दोरी समजून टॉवेल टाकला होता. खाली घंटा वाजायला लागली आणि दोन माणसं औषधांची पेटी घेऊन वर आली. अण्णा बनियनवर, दाढीला साबण, मध्ये उभे. "म्या काय केलं?" ते मला विचारत होते.

मी माफी मागितली, टॉवेल काढला. त्या मुलीला हसू आवरेना. मलाही आलं असतं. पण तेवढ्यात बेसिनजवळ दात घासायच्या पेल्याकडे माझी नजर गेली. पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात वीतभर लांबीच्या काड्या उभ्या होत्या. ती मुलगी पेल्याकडे बघत होती. मी मध्ये जाऊन उभी राहिले.  ती दार ओढून गेली.

मी आणि अण्णा दोघंच राहिलो. त्यांनी मला पाहिलं, पेल्याला पाहिलं, आणि आरशाकडे तोंड करून दाढी करायला लागले. मीही बाहेर पडले.  पाचवीच्या वर्गात कुणी दुसऱ्याचं खोडरबर उचललं तर मी त्याला उभं करते. पण सुनेने सासऱ्याला काय म्हणायचं? ज्यांनी माझं शिक्षण लग्नानंतर पुरं केलं, मला नोकरीला लावलं, त्यांना परमुलखात "चोरी केलीत" म्हणायचं?  जेवताना माझ्या ताटातलं सगळं तसंच राहिलं.

वाळलेली राई

चौथ्या दिवशी दोनातेल्ला आम्हाला दक्षिणेकडे घेऊन गेल्या. दोन तास रस्ता समुद्राच्या कडेने. मग ऑलिव्हची झाडं लागली. आधी हिरवी-चंदेरी. मग अधूनमधून एखादी करडी. मग सगळीच करडी. पान नाही, पाखरू नाही, लाल मातीवर दूरपर्यंत नुसते वाळलेले बुंधे. आमच्याकडे गारपीट झालेली बाग मी पाहिली आहे. पण गारपिटीनंतर मुळाशी हिरवं असतं. इथे काहीच नव्हतं. 

एका शेतात वीतो नावाचे आजोबा उभे होते. अण्णांच्याच वयाचे. त्यांचे हात अण्णांसारखेच, नखांत माती मुरलेली. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. वीतो म्हणाले, या झाडांचं तेल त्यांच्या पणजोबांनी खाल्लं होतं. आता ते झाडं कापून जळण म्हणून देतात.

अण्णांनी मला विचारलं, "विचार, कशानं गेली? आणि फवारलं काय?"

दोनातेल्लांनी सांगितलं, हा झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसणारा जंतू आहे. एक बारीक किडा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. औषध नाही.

"नाय कसं? काय तरी असंल," अण्णा म्हणाले. मी पुन्हा विचारलं. औषध नाही. अण्णांनी तिसऱ्यांदा विचारायला लावलं. वीतोंनी मला मध्येच थांबवून अण्णांकडे बघून मान हलवली. त्याला भाषांतर लागलं नाही.

मग दोनातेल्ला पुढे बोलल्या. जंतू या भागात आला तो बहुधा परदेशातून आणलेल्या कुठल्याशा शोभेच्या झाडातून. आणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. याच जंतूचा एक भाऊबंद द्राक्षाची वेलही वाळवतो, आणि तोही आता इकडे दिसू लागलाय. "आणि सगळ्यात भयंकर काय," त्या म्हणाल्या, "आतून रोग लागलेलं झाड बाहेरून कित्येक दिवस अगदी निरोगी दिसतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे आमची बाग आली. निफाडपर्यंतच्या सगळ्या बागा आल्या, एकीला लागून एक. मी शोभेच्या झाडाचं सांगितलं. भाऊबंदाचं सांगितलं. शेवटचं वाक्य तोंडाशी आलं आणि मी अण्णांकडे पाहिलं. ते बंडीवर हात ठेवून उभे होते. काड्या रात्री पेल्यात असायच्या, दिवसा त्या खिशात. माझ्या मनात आलं, हे वाक्य म्हटलं की त्यांचा चेहरा उतरेल, आणि तेरा माणसांना कळेल की यांच्या खिशात काय आहे. मी म्हटलं, "एवढंच." दोनातेल्लांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. इंग्रजी वाक्य लांब होतं आणि मराठी फारच आखूड झालं होतं.

परतीच्या वाटेवर अण्णा गप्प होते. मला वाटलं, समजलं त्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला रिकामा होता. कचऱ्याच्या डब्यात द्राक्षाची पानं आणि कोवळे शेंडे दिसले. मला रडूच आलं. त्या दिवशी मी दोन वेळा पोटभर जेवले, नणंदेसाठी रुमाल घेतले, समुद्रात गुडघ्यापर्यंत गेले. कलम करणारा माणूस काडी जपायची असली की पहिल्यांदा तिची पानं आणि शेंडा काढतो, हे मला ठाऊक होतं. भीती उतरली की माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही.

विमानतळ

परत निघताना बारीच्या विमानतळावर अण्णांना बाजूला घेतलं. बंडी काढायला ते तयार होईनात. गणवेशातला तरुण अधिकारी नम्र होता, पण हलायला तयार नव्हता. शेवटी बंडी निघाली. आतल्या खिशातून ओल्या रुमालाची आणि प्लॅस्टिकची घट्ट गुंडाळी निघाली. त्याने ती उलगडली. तीन काड्या, पानं काढलेल्या, टोकांना मेण लावलेलं.

"हे काय आहे?" त्याने अण्णांना विचारलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. फार तर दंड झाला असता, विमान चुकलं असतं, काड्या जप्त झाल्या असत्या. पण मला दिसली ती एक खोली, तिच्यात अण्णा, आणि बाहेर काचेपलीकडे मी.  माझ्या तोंडून इंग्रजी शब्द बाहेर पडले ते माझेच आहेत यावर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "दात घासायला. आमच्याकडे म्हातारी माणसं काडीने दात घासतात."

अण्णांना इंग्रजी येत नाही. पण मी बोटाने दाताकडे खूण केली होती. त्यांनी लगेच एक काडी उचलून दातांवर घासून दाखवली. अधिकारी हसला. त्याची आजीही असलं काहीतरी करायची, म्हणाला. गुंडाळी परत दिली.

मुंबईत उतरेपर्यंत मी पाणीही प्यायले नाही. उतरल्यावर कस्टममध्ये ज्या वाटेने काही सांगायचं नसलेले लोक जातात, त्या वाटेने आम्ही गेलो. कुणी अडवलं नाही. कुणी अडवावं अशी मनातून इच्छा होती. कसाऱ्याचा घाट चढताना अण्णा मला म्हणाले, "लय हुशार हायेस तू." आयुष्यात त्यांनी माझं असं तोंडावर कौतुक कधी केलं नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं.

घरी

तीन आठवडे मी गप्प राहिले. शाळेत जायची, यायची, बागेकडे बघायची नाही. पण रोज अंघोळ करताना ते न सांगितलेलं वाक्य डोक्यात यायचं. मग एका सकाळी अण्णा हाक मारत आले, "चल, दाखवतो तुला." बांधाच्या कडेला, जंगली खुंटावर पट्टी गुंडाळलेली. वर करंगळीच्या नखाएवढा गुलाबी-हिरवा फुटवा. शेजारच्या खुंटावर दुसरा. अण्णांचा चेहरा उजळला होता. 

"अण्णा," मी म्हटलं, "तिथे त्या वाळलेल्या झाडांपाशी मी एक वाक्य तुम्हाला सांगितलं नाही."

मी ते सांगितलं. जसं होतं तसं, सगळं. आतून रोग लागलेलं झाड बाहेरून निरोगी दिसतं.

ते म्हणाले, "म्या काडी निवडून घेतली व्हती. एक डाग नव्हता."

"डाग दिसतच नाही अण्णा."

ते बांधावर बसले. पलीकडे शेजाऱ्यांची बाग, तिच्यापलीकडे आणखी एक, मग डोंगरापर्यंत सगळा मांडवच मांडव. ते तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाच का नाय बोललीस?"

"भ्याले."

"कुणाला?"

"तुम्हाला."

 ते उठले, दोन्ही कलमं खुंटासकट खणून काढली, त्या दोन काड्यांचे उरलेले तुकडे आणले आणि तिथेच काटक्या गोळा करून सगळं पेटवलं. ओली काडी लवकर जळत नाही. पार राख होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मला वाटलं, सुटलो. मग राखेवर माती लोटत ते खाली बघूनच म्हणाले, "काड्या तीन व्हत्या."

तिसरी त्यांनी देवळा गावच्या व्याह्यांना दिली होती. माझ्या नणंदेचे सासरे, तात्या. कांद्याच्या शेतात त्यांनी हौसेने थोडे द्राक्षाचे खुंट लावलेत. आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी येऊन गेले तेव्हा त्यांनी मागितली आणि अण्णांनी दिली.

आम्ही लगेच निघालो. दीड-दोन तासांच्या वाटेत अण्णा एकदाच बोलले. "लेकीच्या घरी दिलेली वस्तू परत मागायची. कसं मागू?"

तात्यांनी उठून त्यांच्या अहिराणीत स्वागत केलं. "या व्याही, या! ताई, तू बी उनी का? बठा, बठा." नणंदेने पाणी आणलं. अण्णा पेला हातात धरून बसले. मी वाट पाहिली. ते मागणार नाहीत हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि तात्यांना सगळं सांगितलं. काडी कशी आली, मी विमानतळावर काय खोटं बोलले, वीतोंची झाडं कशी झाली.

तात्यांचा चेहरा लाल झाला. "दिधेल वस्तू परत मांगतस का कोनी? सोयऱ्याच्या घरी येऊन?"

"मागते, तात्या."

नणंद दारात थिजली होती. अण्णा उठले आणि कुणाशी न बोलता शेताकडे चालायला लागले. आम्ही मागे गेलो. तात्यांचं कलम आमच्यापेक्षा जोमात होतं, दोन पानं उघडली होती. अण्णांनी ते स्वतः उपटलं. वीतभर काडीवर निदान चार डोळे असतात. खुंटावर एकच बसवलेला होता.

मी विचारलं, "तात्या, राहिलेली काडी कुठे आहे? कुणाला दिली का?"

"नई." आणि ते कांद्याच्या चाळीकडे बघायला लागले.

मी चपला काढल्या आणि त्यांच्या बांधावर बसले. म्हटलं, "तात्या, मला लय भीती वाटतेय. तुम्ही आठवून सांगेपर्यंत मी इथून उठणार नाही." अण्णाही माझ्या शेजारी येऊन मातीतच बसले. सोयऱ्याच्या शेतात, व्याह्यासमोर, खाली.

तात्या दोघांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात उचलला आणि ओढ्यापलीकडचा एक मळा दाखवला. थोडं थांबून दुसरा दाखवला.